निकाली टेनिस

वैजयंती धारप यांनी हातातला चेंडू मैदानात सोडला, आणि तो परत वर आलाच नाही.

'थप्' असा बारीक आवाज झाला. तांबड्या मातीत चेंडू जिथे पडला तिथेच बसून राहिला, डबक्यात म्हैस बसावी तसा. बाईंनी तो उचलला, हात डोक्याच्याही वर नेला आणि पुन्हा सोडला. पुन्हा थप्. मग त्यांनी वाकून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि नाकाशी नेली.

"हळद आहे का हो यात?" त्यांनी मला विचारलं.

"आहे की! हळद, ताक, गोडंतेल, लिंबू आणि कापूर," मी छाती फुगवून सांगितलं. "खास आपल्यासाठी आठवडाभर मळलीय, ताई. शोधून खडा सापडायचा नाही."

मैदानाच्या चारी बाजूंना माणूस खच्चून बसलेला. हलगी कडाडत होती. माझ्या हातात माईक होता, आणि तो चालू आहे हे माझ्या लक्षात नव्हतं.

"अहो," त्या हलकेच म्हणाल्या, "टेनिसमध्ये चेंडू उडावा लागतो."

हे वाक्य चारी कर्ण्यांतून गावभर गेलं.

मी यशवंत खराडे. पोटापाण्याला चिंचोऱ्याच्या दूध संस्थेत कारकून होतो, पण कृष्णाकाठी मला ओळखायचे ते कुस्तीचा निवेदक म्हणून. मैदान कुठलंही असो, माईक माझा. पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद आणि खुराक हे सगळं माझ्या जिभेवर. मेलेल्या मैदानात जीव आणायची माझी ख्याती होती. या गोष्टीला आता तिसेक वर्षं होत आली. पण त्या दिवशी जे झालं ते मला त्यानंतरच्या कुठल्याही कुस्तीपेक्षा लख्ख आठवतं.

कुस्तीच्या गावात टेनिस शिरलं कसं, ते आधी सांगायला हवं. आमच्या संस्थेच्या हॉलमध्ये चेअरमननी रंगीत टीव्ही बसवला होता. संध्याकाळी बायका दूध घालायला यायच्या. फॅट लागून पावती मिळेपर्यंत तिथेच टेकायच्या. एके दिवशी टीव्हीवर एक मराठी मुलगी परदेशात कुणा सहा फुटी गोऱ्या बाईशी खेळत होती. ती वैजयंती धारप. चेंडू मारताना ती मोठ्यांदा ओरडायची. आमच्या सौभाग्यवतींनी ते पाहिलं आणि कॅन खाली ठेवला तो उचललाच नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "एवढं काय होतं त्यात?"

"अवो, ती वरडती," ही म्हणाली. "एवढ्या लोकांत बाई वरडती, आन् कुणी 'गप बस' म्हणत न्हाई. उलट टाळ्या वाजिवत्यात."

एवढंच ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. पण दुसऱ्या दिवसापासून वैजयंतीची मॅच असली, की संस्थेत दूध वेळेच्या आधी येऊ लागलं आणि बायका वेळेनंतरही हलेनाशा झाल्या. त्यांनी तिला वैजू म्हणायला सुरुवात केली. वैजूसाठी जोतिबाला नारळ बोलले जाऊ लागले. वैजू हरली, तर दुसऱ्या दिवशी गावातल्या कालवणात मीठ कमी-जास्त व्हायचं, आणि पुरुषांना न सांगता कळायचं की परदेशात काहीतरी बिनसलं आहे.

पुरुषांत तिची भक्ती शिरली ती गणपा वस्तादांमुळे. वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे धनी. वय ऐंशीच्या घरात, कान तुटून त्यांचे मुटके झालेले, आणि तोंडात कायम शिवी नाहीतर सुपारी. म्हशीचं फॅट कमी लागलं म्हणून ते भांडायला संस्थेत आले, आणि टीव्हीवर त्यांना लाल माती दिसली. वैजू पॅरिसच्या मातीवर खेळत होती. दोन्ही गुडघे लाल, मोजे लाल. मॅच जिंकल्यावर तिने वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

वस्ताद भांडण विसरले. "ही पैलवान हाय," ते म्हणाले. "माती वळकती पोरगी."

टेनिसचे गुण मात्र त्यांना शेवटपर्यंत पटले नाहीत. "पंधरा, तीस, आन् मग पंचेचाळीस सोडून एकदम चाळीस? मापात पाप हाय ह्येंच्या."

त्या वर्षी वैजयंती धारप यांनी खेळ सोडत असल्याचं जाहीर केलं. गुडघा गेला होता. पेपरात फोटो आला. संस्थेत बायका मयताला जमाव्यात तशा जमल्या. ही म्हणाली, "एकदा हिला डोळ्यांनी बगाय पायजे होतं." आणि माझ्या मनाने घेतलं.

सांगलीला त्यांचा सत्कार होता. तिथून आमचं गाव पाऊण तासावर. आमची जत्रा त्याच आठवड्यात. मी संस्थेच्या फोनवरून पत्ता काढत काढत थेट बाईंना गाठलं.

"येईन," त्या म्हणाल्या. आवाज दमलेला होता. "पण भाषणं नकोत, प्लीज. शाली तर आता ठेवायला जागा नाही. हवं तर दोन चेंडू मारून दाखवीन."

मी हे वस्तादांना सांगितलं. कुस्तीवाल्या माणसाला 'दोन चेंडू मारून दाखवीन' याचा एकच अर्थ कळतो. तिसऱ्या दिवशी जाहिरात छापून आली: 'महाराष्ट्राची वाघीण वैजयंती धारप यांची अखेरची निकाली लढत. जोड मैदानात नेमली जाईल.'

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. मग आमच्या हिने विचारलं, "आमी कुठं बसायचं?"

आमच्या जत्रेच्या मैदानात बायका येत नसत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडलेलाही नव्हता. माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. अवघा जिल्हा माझं निवेदन ऐकायला यायचा, आणि माझ्या बायकोने ते फक्त परड्यात शेण्या थापताना कर्ण्यावरून ऐकलं होतं. ती आणि दहा-बारा बायका वस्तादांच्या दारात गेल्या. मी मागे उभा राहिलो, म्हणजे संकट आलं तर पळता येईल असा.

वस्तादांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. मग म्हणाले, "या. पन एक सांगतो. खेळ झाला पायजे. निकाली! नुसतं शाल-नारळ, हार-तुरं आन् फोटू असलं काय असंल, तर त्ये मैदान न्हवं, लगीन झालं. तसं झालं तर बायकांनी परत मैदानाचं नाव काडायचं न्हाई. आन् खेळ झाला तर म्होरच्या सालाचं म्होरं बघू."

बायकांनी हे मान्य केलं. मैदानाची माती मळायला लागणारं ताक त्यांनीच घरोघरून जमवलं. हळदही त्यांचीच. त्यात पाय घालून ती मळली मात्र पैलवानांनी, कारण आखाड्याच्या मातीला बाईचा पाय लागायचा नाही, हा तर मैदानापेक्षाही जुना रिवाज. वैजूचं काय, असं मी विचारलं होतं. वस्ताद म्हणाले, "सांगितलं न्हवं तुला? ती बाई न्हाई. पैलवान हाय."

आणि आता तो पैलवान चिमटीत हळदीची माती धरून म्हणत होता, की चेंडू उडावा लागतो.

दोरीच्या पलीकडे एका कोपऱ्यात बायका बसल्या होत्या. ठेवणीतली लुगडी, डोक्यावर पदर. आमची ही सगळ्यांत पुढे. तिने मला माईकवर कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते या अवस्थेत.

वस्ताद काठी टेकत आले. "काय म्हंती वाघीण?"

"वस्ताद, माती मऊ पडली," मी माईक बगलेत दाबून कुजबुजलो. "चेंडू उडत नाही. यांना खेळता येणार नाही."

वस्तादांनी बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाचता येईना, अंगण वाकडं?"

मला वाटलं, आता बाई गाडीत बसून निघून जाणार. पण वैजयंती धारप कमरेवर हात ठेवून हसायलाच लागल्या. हसता हसता खाली मातीत बसल्या. "जगभर खेळले मी," त्या म्हणाल्या, "असं तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. पण आजोबा, खरंच सांगते, माझा गुडघाही गेलाय. डॉक्टरांनी पळायला बंदी केलीय. आणि समोर कोण आहे माझ्या?"

समोर, मध्ये बांधलेल्या जाळीपलीकडे, रंगा पैलवान होता. रंगराव डांगे, आमच्या तालमीचा पहिला मल्ल, वजनाला दीड पोतं ज्वारी. जोड म्हणून वस्तादांनी त्याला नेमला होता. बिचाऱ्याने पंधरवडाभर तलाठ्याच्या मुलीच्या बॅडमिंटनच्या रॅकेटवर सराव केला होता. ती मोडल्यावर धुण्याच्या बडवण्याने केला. तो आता लंगोटावर नवीन पांढरी चड्डी घालून, हातात बाईंची दुसरी रॅकेट धरून लाजत उभा होता.

"नमस्ते, म्याडम," तो म्हणाला.

लोक चुळबुळायला लागले होते. कुठून तरी शिट्टी आली. मैदानात शिट्टी वाजली, की मागोमाग ढेकूळ येतं, हे मला अनुभवाने माहीत होतं. मी बाईंच्या शेजारी उकिडवा बसलो. "ताई, शाल-नारळ करून तुम्हाला सोडता येईल. तुमच्यावर बोल येणार नाही. पण खेळ झाला नाही, तर त्या तिथल्या बायका पुन्हा कधी मैदानात यायच्या नाहीत. तसा शब्द गेलाय. चारेक वर्षं त्या तुमच्यासाठी उपास करतायत."

बाईंनी मान वळवून बायकांकडे पाहिलं. बायकांनी पाहिलं की वैजू पाहतेय, आणि त्या सगळ्या एकदम पदर सावरायला लागल्या. एकीने हात हलवला आणि लगेच तोंडावर घेतला.

वैजयंती धारप यांनी बूट काढायला सुरुवात केली. त्या बुटांच्या किमतीत गावात एक रेडकू आलं असतं. मोजे काढले, अनवाणी उभ्या राहिल्या, पायाची बोटं मातीत रुतवली, दोन पावलं टाकली. मग दोन उड्या मारल्या.

"अरे, हे तर छानच आहे!" त्या म्हणाल्या. "गुडघ्याला काही होत नाहीये." मग म्हणाल्या, "टप्पा पडू न देता खेळता येईल. चेंडू हवेतच मारायचा. माझ्या बाजूला मातीवर पडला तर मी हरले, त्यांच्या बाजूला पडला तर ते."

वस्तादांचे डोळे बारीक झाले. "म्हंजी मातीला लागला की हार?"

"हो."

"मग आदी बोलायचं की, पोरी! ही कुस्तीच हाय!"

मी माईक तोंडाशी धरला. आता मला खेळ कळला होता, आणि एकदा कळल्यावर मी कुणाला ऐकणार नव्हतो. "मंडळी, कान देऊन ऐका! चेंडू ज्याच्या हद्दीत मातीला टेकला, त्याची पाठ लागली! चितपट! जाळीत अडकला तरी चितपट! हद्दीबाहेर मारणारा पळपुटा! पंधरा-तीस-चाळीसचा हिशोब पॅरिसमध्ये! चिंचोऱ्यात पाठ लागली की लागली!"

मैदान उठून उभं राहिलं. इतकी वर्षं जे टीव्हीवर बघत आलो ते काय होतं, हे गावाला त्या क्षणी समजलं.

हलगीने जोर धरला. बाई चेंडू हातात घेऊन थांबल्या. "सर्व्हिसच्या वेळी जरा शांतता..."

"शांतता मयताला लागती," वस्ताद म्हणाले. "हितं हलगी लागती. हाणा!"

त्यांनी हाणला. चेंडू रंगाच्या कानापासून गेला आणि मातीत रुतला. रंगा तो कुठून गेला ते बघायला वळेपर्यंत माझं सांगून झालं होतं: "पाठ लागली! डोळ्याचं पातं लवायच्या आत!"

दुसऱ्या चेंडूला रंगाने पवित्रा घेतला. बाईंनी चेंडू नुसता जाळीवरून अलगद सोडला, पोराच्या तळहातावर बत्तासा ठेवावा तसा. रंगा वाघासारखा झेपावला आणि छातीवर आडवा झाला. चेंडूची पाठ लागलीच, रंगाचं पोटही लागलं. तिसऱ्याला त्याने खरोखर फटका मारला. चेंडू मारुतीच्या देवळाच्या शिखरावरून पलीकडे गेला. लोकांनी त्याला टाळ्या वाजवल्या, कारण एवढ्या लांब कुणी काही मारलेलं गावाने पाहिलं नव्हतं.

बाई जागच्या फारशा हलत नव्हत्या. हात तेवढा इकडून तिकडे जायचा आणि रंगा मैदान नांगरायचा. एकदा मात्र त्याचा चेंडू चांगला लांब आला. बाई दोन ढांगा टाकून पुढे गेल्या आणि फटका मारताना टीव्हीवर ओरडायच्या तशा ओरडल्या.

आणि बायकांच्या कोपऱ्यातून तशीच आरोळी आली. सगळ्या एकदम. आधी त्यांनाच आपल्या आवाजाचं भय वाटलं असावं, कारण त्या लगेच गप्प झाल्या. कुणी 'गप बसा' म्हणालं नाही. पुढच्या फटक्याला त्या पुन्हा ओरडल्या, आणि त्यानंतर माझा माईक कुणाला ऐकू येत नव्हता.

रंगा शेवटी दोन्ही हात जोडून मातीत बसला. "वस्ताद, मला कुस्ती लावा कुनासंगंबी. ह्ये नगं."

"निकाली!" मी ओरडलो. लोकांनी फेटे उडवले. वस्तादांनी स्वतः बाईंच्या डोक्याला फेटा बांधला. मला वाटलं, झालं. बायकांची जागा पक्की झाली.

पण जुना पैलवान मैदान सोडतो तेव्हा वस्ताद त्याला एक प्रश्न विचारतात. तो रिवाज मी विसरलो होतो, वस्ताद विसरले नव्हते.

"पोरी," त्यांनी विचारलं, "तू खेळ सोडतीस. तुजा पठ्ठा कोन?"

बाईंचं हसू थांबलं. "पठ्ठा?"

"तू कुनाला शिकीवलंस? कोन पुढं खेळनार? त्यो मैदानात दावायचा, त्याला माती लावायची आन् मग घरला जायचं."

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. फेट्याचा शेमला त्यांनी बोटाला गुंडाळला. "मी फक्त जिंकायच्या मागे होते, आजोबा. हे कुणी विचारलंच नाही कधी. सगळ्यांनी शालीच दिल्या."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. एवढी मोठी बाई, आणि जत्रेत चुकलेल्या मुलीसारखी दिसत होती.

मग त्या वाकल्या. मूठभर माती घेतली आणि हात पुढे करून मैदानात फिरू लागल्या. हे त्यांनी मघाशी, टेनिसच्या आधी लागलेल्या कुस्त्यांत पाहिलं असणार. मूठ पुढे धरून फिरणं म्हणजे आव्हान. ज्याला लढायचं आहे त्याने यायचं आणि त्या मुठीतली माती घ्यायची. पुरुषांच्या बाजूने त्या तशाच पुढे गेल्या. बायकांच्या कोपऱ्यासमोर थांबल्या आणि मूठ उघडली.

हलगी बंद पडली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी वस्तादांकडे बघितलं. वस्ताद दगडासारखे उभे.

आणि आमची ही उठली.

तिने पदर खोचला. दोरी वर करून आत आली, आणि मातीच्या कडेला येऊन थांबली. तिथून पुढे बाईचं पाऊल कधी पडलं नव्हतं. तिने वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, आत पाय टाकला आणि बाईंच्या तळहातावरची माती आपल्या मुठीत घेतली. लोकांतून एक हुंकार उठला. तो रागाचा की नवलाचा, हे ठरायचं होतं. आणि ते ठरवणं माझ्या हातात आहे हे मला कळत होतं. निवेदकाने नाव पुकारलं की ती जोड होते. नाही पुकारलं, तर एक बाई विनाकारण मैदानात घुसली एवढंच होतं.

मी माईक वर केला. नाव, गाव, वस्ताद. आयुष्यभर हजारोंची पुकारली.

आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. कारण वीस वर्षांत मी माझ्या बायकोचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नसत. मी 'अगं' म्हणायचो, ती 'अवो' म्हणायची. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही बहिणीने चिमटा काढल्यावर.

ती माझ्याकडे बघत होती. गावही बघत होतं. कुणीतरी खाकरलं.

"लाल मातीत..." मी सुरुवात केली आणि अडकलो. मग डोळे मिटून घेतले. "लाल मातीत उतरत आहे... शेवंता! शेवंता यशवंत खराडे! राहणार चिंचोरे!"

कर्ण्यांनी ते नाव नदीपार नेलं. मी डोळे उघडले, तर ती हसत होती, पदर तोंडाला न लावता. पण निवेदन अर्धंच झालं होतं. नाव झालं, गाव झालं. वस्ताद राहिला. वस्तादाच्या नावाशिवाय जोड लागत नाही.

"वस्ताद..." मी म्हणालो आणि पुन्हा थांबलो. हिचा वस्ताद कोण?

"मी होईन हिची वस्ताद," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"तसं चालत न्हाई," गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. "समोर लढनारा वस्ताद कसा हुईल?"

म्हणणं बरोबर होतं. कुजबुज वाढली. ही तिथेच उभी होती, मूठभर माती हातात घेऊन, पाय घोट्यापर्यंत मातीत.

काठीचा आवाज आला. गणपा वस्ताद माझ्याजवळ आले. त्यांनी सुपारी थुंकली.

"बगतोस काय, यशवंता? माजं नाव घे."

"वस्ताद?"

"बहिरा झालास व्हय? घे म्हंतो न्हवं!"

"पठ्ठा," मी ओरडलो, आणि माझा आवाज इतका चिरकला, की पुढे वर्षभर लोक त्याची नक्कल करत होते, "पठ्ठा गणपा वस्तादांचा!"

मैदानाने जो आवाज केला, तसा मी महाराष्ट्रातल्या कुठल्या मल्लासाठी ऐकला नाही.

लढत काही लांबली नाही. शेवंताने रॅकेट उलथन्यासारखी धरली होती. पहिला चेंडू तिने भाकरी उलटावी तसा परत केला. बाईंनी तो सोपा करून पाठवला. तिने तोही परत केला, ओरडून. तिसरा तिच्या अंगावर आला, ती मागे सरली, नऊवारीत पाय अडकला आणि बसली. चेंडू तिच्या मांडीवरून घरंगळून मातीला लागला.

"पाठ लागली," मी सांगितलं. निवेदकाला पक्षपात करता येत नाही.

बाईंनी तिला हात देऊन उठवलं आणि तिच्या कपाळाला माती लावली. मग माझ्या हातातून माईक घेतला. "जाहिरातीत अखेरची लढत असं छापलंय. ते खोडा. पुढच्या जत्रेला मी येणार आहे. हीच जोड कायम ठेवा." दोन्ही रॅकेटी त्यांनी वस्तादांच्या हवाली केल्या. बायकांनी गाडीशीच त्यांची ओटी भरली, आणि फेटा न सोडताच त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारावर काठी आपटली.

"शेवंता!"

मी धडपडत उठून दार उघडलं. गणपा वस्ताद उभे होते. बगलेत रॅकेट.

"काय झालं, वस्ताद?"

"तुला हाक मारली व्हय मी? शेवंता कुटाय?" त्यांचा चेहरा लालबुंद होता. "माजं नाव लावून हरली! ऐंशी वरसं ह्या नावाला डाग न्हवता. पाय बगितलंस का तिचं, कसं अडखळलं? बैठका न्हाईत, जोर न्हाईत, म्हनं मैदानात उतरली! साल भरायच्या आत ती वाघीन परत येनार हाय."

मी हळूच विचारलं, "म्हणजे वस्ताद, पुढच्या साली बायकांनी मैदानात बसायचं ना?"

"बसायचं?" वस्ताद माझ्यावर काठी उगारून म्हणाले. "पठ्ठा कधी बसत असतो व्हय रं?"

आतून शेवंता आली. पदर खोचलेला होता, म्हणजे तिला हाक अपेक्षित होती. गल्लीच्या तोंडाशी आणखी पाच-सहा बायका पदर खोचून उभ्या दिसल्या. शेवंताने माझ्या हातात चरवी दिली.

"आज धारा तुमी काडा," ती म्हणाली. "मुरकी म्हस लाथ मारती, जपून."

"चला निगा, उजाडलं!" वस्ताद खेकसले. कुणाला म्हणाले ते न कळल्यामुळे मीही चरवी घेऊन गोठ्याकडे निघालो.